नोबेल छापील डिलनला नव्हे, गाणाऱ्या डिलनला

१३ ऑक्टोबर २०१६ रोजी दुपारी स्वीडिश अकादमीच्या सचिव सारा डॅनियस यांनी साहित्याच्या नोबेलसाठी अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं नाव जाहीर केलं. त्याच रात्री डिलनचा लास व्हेगासमध्ये कार्यक्रम होता. तो मंचावर आला, ठरलेली गाणी गायला आणि निघून गेला. नोबेलचा उल्लेख नाही, कुणाचे आभार नाहीत. पुढचे काही दिवस अकादमीला त्याच्याशी थेट बोलताच येईना, तेव्हा अकादमीच्याच एका सदस्यानं त्याला उद्धट आणि गर्विष्ठ ठरवलं. इकडे जगभरच्या वर्तमानपत्रांत एकच वाद पेटला होता: गाणी लिहिणाऱ्याला साहित्याचं पारितोषिक द्यावं का?

त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी वाद मिटलेला नाही. ऑक्टोबर आला की कुणी ना कुणी तो उकरून काढतंच. मला मात्र या वादात दोन्ही बाजूंची एक गोष्ट सारखीच खटकत आली आहे. विरोधक म्हणतात, सूर काढून टाका, ओळी कागदावर ठेवा आणि मग बघा काय उरतं. समर्थकही तितक्याच हिरिरीनं कागदावरच्याच ओळी उचलतात आणि त्यांतली यमकं, प्रतिमा, बायबलचे संदर्भ मोजून दाखवतात. खटला कागदाच्याच कोर्टात चालवायचा, हे दोघांनाही मान्य आहे. माझं म्हणणं असं, की डिलनचं साहित्य कागदावर घडतच नाही. ते मंचावर, समोर बसलेल्या माणसांच्या साक्षीनं घडतं, आणि छापलेलं पुस्तक ही त्याची केवळ एक नोंद असते. म्हणून त्याच्या कार्यक्रमांना गेलेल्यांच्या आठवणी, त्यांच्या तक्रारींसकट, ही या साहित्याची पहिली समीक्षा आहे. नोबेलचा निर्णय योग्य होता का, हे ठरवायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

विरोधकांचा मुद्दा हलका आहे असं मी मानत नाही. डिलनच्या गीतांचं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं की मीही जागोजागी अडखळतो. पालुपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा छापलेलं, यमक जुळावं म्हणून ओढून आणलेले शब्द, मधेच एखादी अगदीच सपाट ओळ. कॅनडाचा गायक-गीतकार लिओनर्ड कोहेन गाण्याकडे वळण्याआधी कवी होता. त्याच्या ओळी कागदावर कितीतरी नेटक्या दिसतात. आणि त्याच कोहेननं डिलनच्या नोबेलबद्दल म्हटलं होतं, की सर्वांत उंच शिखर असल्याबद्दल एव्हरेस्टला पदक लावण्यासारखंच हे आहे. शब्दांच्या कारागिरीत स्वतः उजवा असणारा माणूस असं म्हणतो, तेव्हा त्याला दिसणारी उंची पानावरची नसणार.

डॅनियस यांनी घोषणेनंतर होमर आणि सॅफो या प्राचीन ग्रीक कवींचा दाखला दिला. त्यांचं काव्य ऐकण्यासाठी, बहुतेकदा वाद्यांच्या साथीनं सादर करण्यासाठी होतं, असं त्या म्हणाल्या. इथवर अगदी बरोबर. पण लगेच पुढे त्यांनी सांगितलं, की आपण होमर-सॅफो आजही वाचतो, तसाच डिलनही वाचता येतो आणि वाचायला हवा. माझं त्यांच्याशी पटत नाही ते इथे. होमर आपण वाचतो, कारण त्याला ऐकण्याची सोय राहिलेली नाही. डिलनच्या बाबतीत ती आहे. ती असताना वाचनाचा आधार घ्यायचा म्हणजे जे आपल्या हाताशी आहे तेच बाजूला सारायचं.

होमरचं नाव निघालंच आहे तर मिल्मन पॅरीची गोष्ट सांगायला हवी. हा अमेरिकन अभ्यासक १९३३ ते १९३५ या काळात तेव्हाच्या युगोस्लाव्हियात जाऊन गुसले या एकतारी वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्या लोकगायकांची ध्वनिमुद्रणं करत होता. त्याच्या अकाली मृत्यूनंतर आल्बर्ट लॉर्डनं ते काम पुढे नेलं आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेल्यांत अव्दो मेजेदोविच नावाचा एक निरक्षर गायक होता. पॅरीनं एक प्रयोग केला. अव्दोनं कधीच न ऐकलेली गाथा दुसऱ्या एका गायकाकडून त्याच्यासमोर गाऊन घेतली आणि मग अव्दोला विचारलं, तुला हीच गाता येईल का? अव्दोनं गायली, आणि ती मूळ गाथेच्या जवळपास तिप्पट लांब झाली. पात्रं खुलली, वर्णनं भरली, प्रसंगांना वजन आलं. आणखी एक गायक शपथेवर सांगायचा, की मी गाथा शब्दन् शब्द तशीच गातो; ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली तर दोन वेळचं गाणं वेगळं निघालं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ती तीच गाथा होती. पॅरी आणि लॉर्ड यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा, की या परंपरेत आधी रचना आणि मग सादरीकरण असे दोन टप्पे नसतात. गाणं म्हणजेच रचणं.

डिलनच्या कार्यक्रमांचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. ७ जून १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड इथून सुरू झालेला त्याचा दौरा, ज्याला लोक कधीही न संपणारा दौरा म्हणू लागले, तीन हजारांहून अधिक कार्यक्रमांपर्यंत गेला. एवढ्या वेळा गाताना चाली बदलल्या, लय बदलली, शब्द बदलले. १९७५ च्या एका प्रसिद्ध गाण्यात ‘मी’ सांगत असलेली प्रेमकथा कधी ‘त्या’ची होते, आणि १९८४ च्या युरोप दौऱ्यात तर त्यानं त्या गाण्याची कडवीच्या कडवी नव्यानं लिहिली. यातलं कुठलं खरं, असं विचारलं तर उत्तर नाही.

शब्द अजिबात न बदलताही काय घडतं, ते ऐकायचं तर १९७४ चा हिवाळा ऐकावा. १९६६ च्या मोटरसायकल अपघातानंतर डिलननं दौरे थांबवले होते. आठ वर्षांनी, जानेवारी १९७४ मध्ये तो ‘द बँड’ या साथीदार वाद्यवृंदाबरोबर पुन्हा बाहेर पडला. मधल्या भागात तो एकटाच गिटार घेऊन उभा राहायचा आणि १९६५ च्या एका ध्वनिमुद्रिकेतलं दीर्घ, दमछाक करणारं गाणं म्हणायचा. त्यात ओघात एक ओळ येते: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाही कधीतरी उघडं व्हावंच लागतं. ती लिहिली तेव्हा व्हाइट हाउसमध्ये लिंडन जॉन्सन होते आणि ओळीचा रोख सत्तेवर, सर्वसाधारणपणे, होता. १९७४ च्या त्या आठवड्यांत वॉटरगेट प्रकरण टोकाला पोचलं होतं, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोगाची तयारी सुरू होती. दौऱ्यातल्या शेवटच्या काही कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण त्याच वर्षी बाजारात आलं. ती ओळ येते आणि सभागृह अक्षरशः गर्जतं. डिलन थांबत नाही, सुरांत काही खुणावत नाही, त्याच वेगानं पुढच्या ओळीवर जातो. नऊ वर्षांपूर्वीची ओळ त्या क्षणी ताजी बातमी होते. हे काम हजारो श्रोत्यांनी केलं. निक्सन यांनी राजीनामा दिला तो ऑगस्टमध्ये. सभागृहांनी निकाल फेब्रुवारीतच सांगून टाकला होता.

आता ती ओळ पुस्तकात उघडून बघा. शब्द तेच आहेत. पण त्या गर्जनेशिवाय तिचा अर्थ लावणाऱ्या समीक्षकाच्या हाती अर्धीच संहिता आहे असं मला वाटतं.

कागद की आवाज हे भांडण नोबेलनं सुरू केलं, असंही समजायचं कारण नाही. २५ जुलै १९६५ च्या रात्री न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, साथीला पूर्ण वाद्यवृंद होता, आणि श्रोत्यांतून हुर्यो उठली. त्या रात्रीबद्दल इतकी पुस्तकं आली, तरी हजर असलेल्यांच्या आठवणींचा मेळ बसत नाही. कुणी म्हणतं लोकसंगीतात परक्या वाटणाऱ्या विजेच्या गिटारवर लोक चिडले, कुणी म्हणतं आवाजाची जुळणीच वाईट होती, कुणी म्हणतं फक्त तीन गाणी म्हणून तो आत गेला याचा राग होता. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर यांच्याबद्दल तर दंतकथाच झाली, की ते कुऱ्हाड घेऊन केबल तोडायला धावले. सीगर यांनी पुढे अनेकदा खुलासा केला: माझा राग विजेवर नव्हता, आवाज इतका फाटत होता की शब्दच कळत नव्हते, आणि ते शब्द फार चांगले होते. सीगर आयुष्यभर लोकांसमोर गायले, लोकांना गायला लावलं. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या रात्री त्यांची बाजू कागदाची होती. शब्द शाबूत पोचले पाहिजेत, बाकी सगळं त्यांच्या सेवेला. डिलन त्या रात्री सांगत होता, की आवाजाचा तो फाटलेपणाही सांगण्याचाच भाग आहे.

पुढच्या मे महिन्यात तो इंग्लंडमध्ये होता. १७ मे १९६६, मँचेस्टरचं फ्री ट्रेड हॉल. पूर्वार्धात तो एकटा गिटार आणि हार्मोनिका घेऊन गायला, टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत. उत्तरार्धात साथीदार आले, अँप्लिफायर चालू झाले आणि सभागृह दुभंगलं. शेवटच्या गाण्याआधी एक जण ओरडला, ‘जूडास!’ येशूचा विश्वासघात करणाऱ्याचं नाव. डिलन म्हणाला, माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस. मग साथीदारांकडे वळून त्यानं एक शिवी हासडली, जोरात वाजवा म्हणाला, आणि ढोलावर पहिला घाव पडला. ती टेप वर्षानुवर्षं चोरट्या मार्गानं फिरत राहिली, तीही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली म्हणून. १९९८ मध्ये ती अधिकृतपणे निघाली तेव्हा ती चूक इतकी रुळलेली होती, की मुखपृष्ठावर अल्बर्ट हॉलचं नाव अवतरणचिन्हांत तसंच ठेवावं लागलं. ओरडणारा कोण, हेही ठरलेलं नाही. ‘तो मीच’ असं दोन वेगवेगळ्या माणसांनी नंतर सांगितलं.

आठवणी अशा दगा देत असतील तर त्यांना समीक्षा कसं म्हणायचं, हा आक्षेप इथे घेता येईल. मला वाटतं, तो साक्षीपुराव्याच्या कायद्यात लागू पडतो, काव्यात नाही. त्या रात्री दिवे कुठे होते, कोण ओरडलं, याबद्दल श्रोता चुकेल. पण आपल्या गायकानं आपल्याला सोडलं ही जखम तीस-चाळीस वर्षांनीही तो ज्या तपशिलानं सांगतो, त्यातून त्या गाण्यांनी आधी त्याच्यावर किती पकड घेतली होती ते कळतं. विश्वासघाताचा आरोप करायला आधी श्रद्धा लागते. कुठल्या कवीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती बदलली म्हणून वाचक भर सभेत उभा राहून त्याला जूडास म्हणाला आहे?

वाईट रात्रीही होत्या, आणि भक्तांनी त्या झाकू नयेत. २० फेब्रुवारी १९९१ ला न्यूयॉर्कमध्ये ग्रॅमी सोहळ्यात डिलनला जीवनगौरव मिळाला. आखाती युद्ध सुरू होतं. त्यानं १९६३ चं, शस्त्रं बनवणाऱ्यांना शाप देणारं गाणं निवडलं. निवड धाडसी होती, वेळ अचूक होती. पण तो इतक्या घाईनं, शब्द गिळत गायला, की कित्येकांना कोणतं गाणं चाललंय हेही कळलं नाही. काही जण याला हेतुपुरस्सर केलेली अवघड मांडणी म्हणतात. मला ते पटत नाही. ते वाईट गाणं होतं. पण जे रोज रात्री नव्यानं रचलं जातं ते काही रात्री फसणारच. याउलट नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये त्यानं एकही जुनं गाणं न गाता फक्त नवी, ख्रिस्तभक्तीची गाणी म्हटली, तेव्हा लोक खवळले, पैसे परत मागितले गेले. त्या काळातली ध्वनिमुद्रणं २०१७ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. मी ऐकली. त्या श्रद्धेशी माझं काही देणंघेणं नाही, पण इतक्या जीव ओतून गायलेल्या रात्री त्याच्याही कारकिर्दीत थोड्याच असतील. तेव्हा नाराज झालेल्या श्रोत्याचं त्या क्षणापुरतं बरोबर होतं, कारण त्यानं तिकीट दुसऱ्याच गाण्यांसाठी काढलं होतं. पण कवीनं श्रोत्याच्या आठवणीतल्या स्वतःची नक्कल करत राहावं, हा हक्क तिकिटाबरोबर मिळत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये मी त्याला ऐकलं. दारातच प्रत्येकाचा फोन एका कापडी पिशवीत घालून पिशवीला कुलूप लावत होते. पिशवी आपल्याच हातात, पण बाहेर पडेपर्यंत उघडत नाही. आत पडदे नाहीत, मोठे स्क्रीन नाहीत, जमिनीतून येणारा मंद उजेड आणि पियानोमागे अर्धा दिसणारा एक्याऐंशी वर्षांचा माणूस. बहुतेक गाणी नव्या ध्वनिमुद्रिकेतली. १९६७ चं एक साधंसं प्रेमगीत त्यानं अशा काही चालीत उचललं की माझ्या शेजारचे गृहस्थ दुसऱ्या कडव्यापर्यंत कपाळाला आठ्या घालून बसले होते. मग ओळ ओळखीची लागली आणि ते एकदम ताठ झाले. त्या दौऱ्यात रोज म्हटलं जाणारं एक गाणं कलादेवतांच्या आईला उद्देशून आहे. ग्रीक पुराणात ती स्मृतीची देवी. त्या गाण्यात तो अमेरिकेचं यादवी युद्ध आणि दुसरं महायुद्ध यांतल्या सेनापतींची नावं घेतो आणि सांगतो, की त्यांनी वाट मोकळी केली म्हणून प्रेस्ली गाऊ शकला, मार्टिन ल्यूथर किंगला आपला मार्ग कोरता आला. आवाज खरखरीत, पण प्रत्येक नाव स्वच्छ. फोन हातात नसल्यामुळे सभागृहात कुणीही खाली बघत नव्हतं.

फोनवरची ही बंदी अनेकांना हुकूमशाही वाटते. मला ती योग्य वाटते. पण ती बरोबर एक जबाबदारी आणते, आणि ती डिलन व त्याची ध्वनिमुद्रण कंपनी यांच्यावर आहे. चाहत्यांच्या आणि ध्वनितंत्रज्ञांच्या टेपा नसत्या तर १९६६ ची ती रात्र आज आपल्याला ऐकायला मिळाली नसती. २०१६ मध्ये कंपनीनं त्या वर्षीच्या दौऱ्याची सापडतील तेवढी ध्वनिमुद्रणं ३६ सीडींत काढली. श्रोत्यांना नोंद करू द्यायची नसेल तर या शेवटच्या दौऱ्यांचीही तितकीच संपूर्ण नोंद ठेवून ती खुली करायला हवी. २८ ऑक्टोबर २०२२ चं नॉटिंगहॅम घ्या. त्या दिवशी रॉक-अँड-रोलचा जुना गायक जेरी ली लुईस गेला. त्या दौऱ्यात कार्यक्रम संपल्यावर डिलन पुन्हा मंचावर येत नसे. त्या रात्री आला. जेरी ली गेला, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे, असं म्हणाला, आणि त्याचं एक निरोपाचं गाणं म्हणून गेला. असली रात्र फक्त तिथे हजर असलेल्यांपुरती राहू देणं मला मंजूर नाही.

आपल्याकडे २०१६ मध्ये ‘गीतकाराला नोबेल?’ म्हणून भुवया उंचावल्या गेल्या, तेव्हा मला त्यात एक विसंगती दिसली. सवाई गंधर्व महोत्सवात बसणारा पुणेकर, आजचा यमन कालच्या रेकॉर्डसारखा नव्हता अशी तक्रार घेऊन घरी जात नाही. दोन ओळींची बंदिश तासभर नव्यानं उलगडते हे तो गृहीत धरतो. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन कीर्तनकार दोन तास उभा राहतो, आणि तुकोबांचा तो अभंग गाथेतल्या चार ओळींहून किती मोठा आहे हे समोर बसलेल्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. पण ‘साहित्य’ म्हणून मान्यता द्यायची वेळ आली की आपणही छापील पानच मागतो. बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात गात होत्या. मुलानं, सोपानदेवांनी त्या ओळी जपल्या, अत्र्यांची प्रस्तावना मिळाली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा मराठीनं त्यांना कवयित्री म्हटलं. बहिणाबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांचा गळा, जात्याच्या फेऱ्यानुसार ओळीला मिळणारा हेल, यातलं काहीच त्या पुस्तकात येऊ शकलं नाही.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो बायकांच्या स्वतःच्या आवाजात मुद्रित आहेत. एकच ओवी एका गावात सीतेची असते आणि दुसऱ्या गावात सासरी नांदणाऱ्या लेकीची. पॅरीनं युगोस्लाव्हियात पाहिलं, तेच या बायकांनी पहाटे जात्यावर पिढ्यान् पिढ्या केलं. या परंपरेत वाढलेल्या भाषेनं तरी डिलनला नोबेल मिळाल्यावर ‘हे साहित्य कसं?’ असं विचारायला नको होतं.

नोबेलनं गाणी रचणाऱ्याला गौरवलं तेही काही पहिल्यांदा नाही. १९१३ मध्ये रवींद्रनाथांना मिळालं. त्यांनी दोन हजारांहून अधिक गाणी रचली आणि बंगालच्या घराघरांत ती आजही गायली जातात, पण अकादमीच्या टेबलावर होतं ते इंग्रजी गद्यात उतरलेलं पुस्तक. सूर गळून गेलेला होता आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. १०३ वर्षांनी त्याच अकादमीनं सूर जिवंत असलेला माणूस निवडला. माझ्या मते २०१६ च्या निर्णयाचं मोठेपण यात आहे.

त्या वर्षी १० डिसेंबरला स्टॉकहोमच्या सोहळ्याला डिलन गेला नाही. त्याच्या वतीनं अमेरिकन गायिका पॅटी स्मिथ वाद्यवृंदाच्या साथीनं त्याचं १९६२ चं, घनघोर पावसाचं भाकीत करणारं दीर्घ गाणं गायल्या. दुसऱ्या कडव्यात त्या अडकल्या. शब्द येईनात. ‘माफ करा, मी फार घाबरले आहे,’ असं म्हणून त्यांनी तो भाग पुन्हा सुरू करू देण्याची विनंती केली, आणि राजघराण्यासकट सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि गाणं शेवटापर्यंत नेलं. त्या गाण्याच्या शेवटी निवेदक बजावतो, की गायला लागण्याआधी मला माझं गाणं नीट ठाऊक असेल. ध्वनिचित्रमुद्रण पाहताना ती ओळ येते तेव्हा मला दरवेळी भरून येतं. शब्द विसरण्याची जोखीम घेऊन लोकांसमोर उभं राहणं हा या साहित्याचा गाभा आहे, आणि तो नोबेलच्या मंचावरच उघड झाला. पुस्तकातून कुणी दोन पानं वाचून दाखवली असती तर सोहळा निर्विघ्न पार पडला असता, आणि कुणाच्याच लक्षात राहिला नसता.

डिलननं नोबेलचं व्याख्यान पुढे जून २०१७ मध्ये ध्वनिमुद्रित करून पाठवलं, मागे पियानो वाजत असताना. त्याची सुरुवात तो एका कार्यक्रमाच्या आठवणीनं करतो. जानेवारी १९५९ च्या अखेरीस, सतरा वर्षांचा असताना, तो रॉक-अँड-रोल गायक बडी हॉलीला ऐकायला शंभर मैल प्रवास करून गेला होता. हॉलीनं थेट आपल्या डोळ्यांत पाहिलं आणि काहीतरी दिलं, ते काय होतं हे कळलं नाही, पण अंगावर काटा आला, असं तो सांगतो. तीनच दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, हॉली विमान अपघातात गेला. मग व्याख्यानात मोबी डिक, पहिल्या महायुद्धावरची कादंबरी आणि ओडिसी येतात. काही भाग विद्यार्थ्यांसाठीच्या आयत्या सारांशांशी मिळताजुळता निघाला म्हणून त्याच्यावर टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. पण शेवट स्वच्छ आहे. गाणी साहित्यासारखी नसतात, ती वाचायची नसून गायची असतात, असं तो म्हणतो. शेक्सपिअरचे शब्द मंचावर बोलण्यासाठी होते, तसंच हे. आणि ही गाणी कार्यक्रमात, रेकॉर्डवर, जशी ऐकायची तशी लोकांनी ऐकावीत, अशी इच्छा व्यक्त करतो.

पारितोषिक घेणारा इतक्या स्पष्ट शब्दांत सांगत असताना आपली विद्यापीठं त्याला कवितेच्या पानावर बसवून शिकवतात, हे थांबायला हवं. डिलन अभ्यासक्रमात लावायचा असेल तर एका गाण्याची १९६६, १९७४ आणि १९८४ ची ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकवा, आणि परीक्षेत विचारा की तीन रात्रींत काय बदललं आणि समोरच्या लोकांनी त्यात काय भर घातली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात २०२२ मध्ये त्याच्या नावाचं केंद्र उघडलं आहे. तिथल्या वह्या आणि खरडी पाहायला अभ्यासक जातात. त्याच अभ्यासकांनी श्रोत्यांच्या आठवणीही त्याच शिस्तीनं गोळा कराव्यात. १९६६ ची सभागृहं भरणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. आणि आपल्या मराठी विभागांनी ओवी शिकवताना तिचं छंदशास्त्र सांगण्याआधी ती ऐकवावी. पॉइटवाँ-राईरकर यांच्या संग्रहातल्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायकांच्या आवाजात आहेत, कुणालाही मोफत ऐकता येतात, आणि वर्गात त्यासाठी एक स्पीकर लागतो.